बास्ती

"पुढं काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग, बाळ," कोर्टाची दुभाषी अनारकुल किरगीझमध्ये म्हणाली.

साक्षीच्या कठड्यात उभी असलेली सायकाल मान खाली घालून बोलत होती. "मेंढ्या कोंडत होते. अंधारून आलेलं. पांढऱ्या धातूचं कर्णफूल पडलं म्हणून वाकले, तर मागून… बास्ती. हात मोडला, एवढंच कळलं."

अनारकुलनं न्यायाधीशबाईंकडं वळून रशियनमध्ये सांगितलं, "चांदीचं कर्णफूल पडलं म्हणून वाकले, तर मागून माझ्यावर तुटून पडला."

शब्द तोंडातून सुटला आणि तिनं जीभ चावली.

"पडला!" सरकारी वकील खूश होऊन म्हणाला. "म्हणजे पुरुष. आता शंका कसली?"

आरोपीच्या जाळीमागं शेर्गाझीनं गज घट्ट धरले. परक्या खोऱ्यातून मेंढ्या राखायला आलेला गडी. बेशुद्ध सायकालला पाठीवर घालून दवाखान्यात त्यानंच आणलं होतं, आणि सदऱ्यावर तिचं रक्त होतं म्हणून त्यालाच धरलं होतं. रशियन त्याला येत नव्हती. वकिलाचं हसू मात्र कळलं होतं.

बास्ती. अनारकुलनं जन्मभर हा शब्द इकडून तिकडं नेला होता. झोपही बास्ती, बर्फही बास्ती, शत्रूही बास्ती, दुःखही बास्ती. रशियनमध्ये नेताना दर वेळी वेगळा शब्द शोधावा लागे. झोप डोळ्यांवर चढते, बर्फ कोसळतो, शत्रू चाल करून येतो, दुःख दाटून येतं. त्याची तिला सवय होती. घात केला तो शब्दाच्या शेपटानं. किरगीझ क्रियापद बाई-पुरुष ओळखत नाही, रशियनला मात्र ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पडला, पडली की पडलं? घाईत जीभ आपली 'पडला'वर जाऊन बसली.

सायकालनं तर कोण ते सांगितलंच नव्हतं. नाव गिळलं होतं.

आणि सून कुणाचं नाव गिळते, हे अनारकुलला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या स्वतःच्या सासूचं नाव अल्मा, म्हणजे सफरचंद. ते तोंडात येऊ नये म्हणून लग्नानंतर उभा जन्म तिनं सफरचंदाला 'झाडावरचं लाल' म्हटलं होतं. बाजारातली पोरंसोरं हसायची.

पांढरा धातू! मघाशी तिनं त्याची सरळ चांदी करून टाकली होती.

तिनं पहिल्या बाकाकडं पाहिलं. तिथं सायकालची सासू बसली होती, कुमुश. कुमुश म्हणजे चांदी. सायकालचं तान्हं तिच्या मांडीवर होतं.

आता विचारावं, तर ते लेकरू त्या हातांत. न विचारावं, तर हा माणूस तुरुंगात.

"लिदिया सेर्गेयेव्ना," अनारकुल न्यायाधीशबाईंपुढं उभी राहिली. "चूक झाली माझी. 'पडला' ती म्हणाली नाही. तो माझा शब्द."

"दुभाषीबाई आता आम्हाला व्याकरण शिकवणार वाटतं!" वकील म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग काय लिहू? पडली? पडलं?"

"ते मी कसं ठरवू? तिला विचारू द्या."

"विचारा."

"बाळ," अनारकुल तिच्याजवळ गेली, "कोण होतं?"

बाकावरून आवाज आला. "अगं, सांग की अंधार होता म्हणून! पोर भुकेलंय इथं, आटप!"

"मध्ये बोलायचं नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

तान्हं रडू लागलं. सायकालच्या छातीवर झग्याला दोन ओले डाग उमटले. प्लास्टरमधला हात तिनं त्यावर आडवा धरला. मग थोरल्या बहिणीला म्हणावं तसं पुटपुटली, "एजे, कसं सांगू? जिभेवर घ्यायचं नसतं ते."

अनारकुलनं तेही जसंच्या तसं रशियनमध्ये सांगितलं. न्यायाधीशबाईंना काही उमगलं नाही. पण बाकांवरच्या किरगीझ बायकांची कुजबुज एकदम थांबली. कुमुशच्या शेजारची बाई डोईच्या रुमालाशी चाळा करत हातभर सरकून बसली.

तान्हं रडून रडून लाल झालं होतं. सायकालनं त्याच्याकडं पाहिलं, मग जाळीकडं. आणि मान वर केली.

"कुमुश."

कारकुनाला थोडीफार किरगीझ येत होती. त्यानं गोंधळून विचारलं, "चांदी? परत तेच कर्णफूल?"

"नाही," अनारकुल म्हणाली. "नाव आहे. आणि आधीच्या वाक्यात 'पडली' लिहा."

शेर्गाझीला रशियन बोलणं कळलं नाही, नाव तेवढं कळलं. त्यानं गज सोडले आणि सकाळपासून पहिल्यांदा तो खाली बसला.

वकील तावातावानं उठला. न्यायाधीशबाईंनी त्याला हातानंच थोपवलं आणि साक्षीदाराला थोडा वेळ बाहेर जाऊ दिलं. अनारकुल बाकापुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. कुमुशची बोटं दुपट्यात रुतलेली होती. सारं कोर्ट बघत होतं. हळूहळू एकेक बोट सुटलं.

बाहेर खिडकीशी सायकाल एका हातानं बाळ सावरत पाजायला बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांकडं पाठ करून अनारकुलनं आपला कोट दोन्ही हातांनी पसरून धरला.

"आता घर गेलं माझं, एजे."

अनारकुलनं कोट जरा आणखी वर धरला.

बाळ चोखत राहिलं.

"एजे, आई म्हणायची, सासूचं नाव घेतलं तर जीभ सुजते." कोटाआडून सायकाल हळूच म्हणाली. "बघा ना, सुजली का?"

अनारकुलचे हात भरून आले होते. कोट खाली न करता तिनं मान वळवून नीट पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली.