भोंग्यातली बाई

मी कुंता, सावलीच्या बाजारात मासे विकते. माझ्या पोराले, प्रफुलले, धंदा वाढवाचं खूळ लागलं. चंद्रपूरले जाऊन त्यानं कॅसेट भरून आणली आन् ऑटोवर भोंगा बांधला. आवाज कोण्या शहरातल्या बाईचा. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की..." मासे कुठंतरी शेवटी होते!

आमच्या इथी असा गोड भोंगा वाजला का सरकारच आलं समजतेत. जंगलखातं, नाईतर नसबंदीवाले. मोहफुलवाल्या बायांनी, जंगलखातं फुलं जप्त करन म्हणून, टोपल्या उचलल्या आन् पळाल्या. त्याईच्या मागं माझे गिऱ्हाईकबी पळाले. मासे तसेच पडून.

मी भोंग्याची वायर उपटली. "माझा आवाज काऊन नाई भरला रे?"

तो खाली पाहून म्हणे, "माय, तुह्या बोलीले लोकं हासतीन."

माझं डोस्कंच फिरलं. "मेल्या, याच बोलीनं मासे विकून तुले बारावी शिकवली ना! लाज वाटते तुले मायची?" आन् मंग ज्या शिव्या सुरू केल्या, त्या पार नाल्यापलीकडं गेल्या.

पळणाऱ्या बाया थांबल्या. "अवो, सरकार नोहे, कुंता व्हय!" म्हणत साऱ्या वापस आल्या, मागं गिऱ्हाईकबी.

मासे सारे खपले. शिव्या मात्र मी थांबवल्या नाई.