दोन ओळींच्या मधला कण

मी तापट माणूस आहे. पाद्र्याला हे शोभत नाही, असं बायको रोज ऐकवते. पण त्या दिवशी सायप्रसच्या राजधानीत, निकोसियाच्या प्रयोगशाळेच्या जिन्यात मी एका शिकल्यासवरल्या मुलीवर ओरडलो, त्याची लाज मला अजून वाटते.

आमच्या चर्चमध्ये बायका नावांची चिठ्ठी आणून देतात. एका बाजूला जिवंत माणसं, दुसऱ्या बाजूला गेलेली. प्रार्थनेआधी मी एकेक नाव वाचतो आणि प्रत्येकाच्या नावानं पावाचा एक कण ताटलीत ठेवतो. जिवंतांची ओळ वर, गेलेल्यांची खाली. थेक्लामावशीच्या चिठ्ठीत जिवंतांमध्ये एकच नाव असायचं : लोईझोस, तिचा मुलगा. चौऱ्याहत्तर साली तुर्की फौज उतरली तेव्हा विसाव्या वर्षी लढायला गेला, तो परत आला नाही. मेल्याचंही कुणी कळवलं नाही.

त्याचा कण वर ठेवायला माझा हात धजत नसे आणि खाली ठेवायचा मला अधिकार नव्हता. म्हणून इतकी वर्षं तो मी दोन ओळींच्या मधोमध ठेवत आलो. ताटली वेदीच्या पडद्यामागे असते, मावशीला दिसत नाही. देवाला दिसते, पण तो काही बोलला नाही.

मग बेपत्ता माणसांची हाडं ओळखणाऱ्या त्या प्रयोगशाळेतून मिरोफोरा नावाच्या मुलीचा फोन आला. एका बुजलेल्या विहिरीत हाडं सापडली होती आणि मावशीनं पूर्वी दिलेल्या रक्ताशी ती जुळत होती. मावशीला मी घेऊन यावं, असं तिचं म्हणणं होतं. चौऱ्याऐंशीच्या म्हातारीला खाली बाकावर बसवून मी आधी एकटाच जिना चढलो आणि विचारलं, खात्री किती? नव्व्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव शतांश टक्के, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तिला शंभर सांग.

“शंभर माझ्याकडे नाहीच, फादर. कुठून देऊ?”

“अगं, एवढ्याशा फटीला धरून ती मरेपर्यंत वाट बघत बसेल. पोराला माती द्यायची राहून जाईल. तुम्हा शास्त्रवाल्यांना काळीज म्हणून नसतंच का?”

तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं.

“तुमच्याकडे असतं का हो शंभर?”

खरं सांगायचं तर माझ्याकडे कशाचंच नव्व्याण्णवही नव्हतं. मी खाली जाऊन मावशीला घेऊन आलो.

टेबलावर पांढरी चादर होती आणि तिच्यावर मोजकीच हाडं : जबडा, दंडाचं एक हाड, टाच. मिरोफोरानं सगळं सावकाश समजावलं आणि शेवटी तो आकडा सांगितला. मावशी हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

“आणि शंभरातलं उरलेलं?” तिनं विचारलं.

“उरलेलं मला माहीत नाही, आजी. माहीत नाही ते माहीत आहे, असं मी सांगणार नाही.”

मी डोळे मिटून घेतले. आता ही उठणार आणि घरी चला म्हणणार, असं मला वाटलं.

“पंच्याहत्तर साली एक कॅप्टन आला होता,” मावशी म्हणाली. “तुमच्या पोराला तुरुंगात बघितलं, शंभर टक्के, म्हणाला. मग मठातल्या एका साधूला स्वप्न पडलं. तेही शंभर टक्के. मग मतं मागणारे आले.” ती माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही, फादर. नवे नवे आला होतात. ईस्टरपर्यंत येतो बघ लोईझोस, म्हणाला होतात.”

म्हणालो होतो. ती विसरली असेल, असं मी धरून चाललो होतो.

“माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारी ही पहिलीच. मग जे माहीत आहे म्हणते, ते खरंच असणार. कुठे सही करू, पोरी?”

सही झाल्यावर तिनं टाचेवरून बोट फिरवलं. थंडीतसुद्धा पाय उघडे टाकून झोपायचा, असं म्हणाली आणि चादरीचं टोक ओढून टाच झाकली. मिरोफोरा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला काळीज नाही, असं मीच म्हणालो होतो.

जाताना मी तिची माफी मागितली. लोक ओरडतातच, चालायचंच, असं ती म्हणाली. शाळा सुटल्यापासून आपण चर्चची पायरी चढलो नाही, हेही तिनं सांगून टाकलं. तरी लोईझोसच्या दफनाला आली, मागे दारापाशी उभी राहिली आणि गेलेल्याच्या नावानं वाटतात ते डाळिंबाचे दाणे घातलेले उकडलेले गहू तिनं दोनदा मागून खाल्ले.

पुढच्या शनिवारी मावशीनं चिठ्ठी आणून दिली. गेलेल्यांच्या बाजूला वाकड्यातिकड्या अक्षरात लोईझोसचं नाव होतं. जिवंतांची बाजू आता कोरी असणार, असं मला वाटलं होतं. तिथेही एक नाव होतं : मिरोफोरा.

मी फोन लावला आणि तुझ्या नावानं कण ठेवला तर चालेल का, असं विचारलं.

“त्यानं काही होतं का, फादर?”

“शंभर टक्के नाही सांगता येणार,” मी म्हणालो.

“मग ठेवा,” ती म्हणाली.

रविवारी मी लोईझोसला खालच्या ओळीत ठेवलं आणि तिला वरच्या. मधली जागा मोकळी राहिली. त्या मोकळ्या जागेकडे बघून मी देवाचे आभार मानले आणि त्या पोरीचेही.