पाय काढायचा नाही

तापाने फणफणलेल्या ढमूने आजोबांच्या मांडीवर डोळे फिरवले, तशी त्याच्या आईने गाडीची किल्ली उचलली. रिक्षा मिळेना, नवरा कामावर. नवी गाडी दारात उभी होती.

"मी चालवतो," तिचे बाबा म्हणाले.

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन कालपरवा झालंय, बाबा. तुम्ही त्याला धरा."

बाबांनी जन्मभर ट्रक चालवला होता. तिलाही त्यांनीच शिकवलं, जुन्या जीपवर. ब्रेक दाबून धरलास तर चाकं अडकतील, गाडी घसरेल. मार, सोड. मार, सोड. ते तिच्या पायात मुरलं होतं. गॅरेजवाला दीर यावर हसला होता. "वहिनी, या नव्या गाडीत आतला कॉम्प्युटर चाकं अडकू देत नाही. जोरात ब्रेक मारला की पेडल थरथरेल, घुर्र करेल. पाय काढायचा नाही. दाबून धरा आणि गाडी वळवा." तिने मान डोलावली होती. पण पायाला कोण सांगणार?

हॉस्पिटलच्या उतारावर पाइप फुटून रस्ताभर पाणी झालं होतं. पुढची बस अचानक थांबली. तिने ब्रेक मारला. तळव्याखाली काहीतरी जिवंत धडपडल्यासारखं पेडल घुरघुरत थडथडलं.

"मोडलं काहीतरी," बाबा मागून म्हणाले. "सोड. सोड आणि परत मार."

पाय आपसूक उचलला गेला. गाडी मोकाट पुढे झेपावली. बसचा लाल दिवा काचेत मावेनासा झाला. ढमू मागे गप्प होता. रडला असता तर बरं वाटलं असतं. तिने पुन्हा ब्रेक मारला, पेडल पुन्हा थडथडलं.

"सोड म्हणतो ना, पोरी."

"नाही, बाबा."

सगळं अंग पायात ओतून तिने पेडल दाबून धरलं. ते घुरघुरलं, तळव्याला ढुशा देत राहिलं. तिने पाय हलू दिला नाही. दात आवळून स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी वळली. बसच्या कडेने वीतभर अंतर राखून सरकली आणि फुटपाथला टेकून थांबली.

तिने हँडब्रेक ओढला. पाय मात्र निघेना.

बाबा ढमूला खांद्यावर टाकून उतरले. तिचं दार उघडून वाकले. लहानपणी तिला शाळेचे मोजे घालताना धरायचे तसा त्यांनी तिचा घोटा धरला आणि हळूच उचलला.

"आता सोड," ते म्हणाले. "एवढं तरी माझं ऐक."

त्यांच्या खांद्यावर ढमू कुरकुरला. मग त्याने भोकाड पसरलं.

"बसा मागे," ती डोळे पुसत म्हणाली. "हॉस्पिटलचं गेट दिसतंय."