सकाळचे ठोके

सहावी फेरी संपवून अनुपमानं दोन बोटं गळ्याशी टेकवली आणि सेकंदकाट्याकडं पाहत ठोके मोजले. दहा सेकंदांत एकोणतीस. दोन मिनिटं चालल्यावर वीस. दोन्ही आकडे तिनं वहीत लिहिले. दौंडच्या रेल्वे मैदानावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

पोलीस भरतीसाठी ती आणि तिची मैत्रीण सोनम इथं एकत्र पळायच्या. दिवाळीनंतर सोनम लग्न होऊन कारेगावला गेली, तेव्हा एकटीनं जमणार नाही म्हणून अनुपमानं भरतीचा नादच सोडला होता. सोनमनंच तिला झापलं. बीएस्सी झालीयस ना, मग पुस्तक वाचून दोघींचा सराव ठरव. तू तिकडं पळ, मी इकडं पळते. तेव्हापासून दर रविवारी आठ वाजता मैदानासमोरच्या एसटीडी बूथवर सोनमचा फोन यायचा. चारशे मीटर जोरात, दोन मिनिटं चाल, पुन्हा चारशे. फेऱ्या किती, ते अनुपमा सांगायची. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीचे ठोके दोघी एकमेकींना कळवायच्या. ते कमी होत गेले की हृदय तयार होतंय, असं पुस्तकात होतं.

आज बूथच्या बाकावर बसून तिनं पाच आठवड्यांचे आकडे आलेखावर मांडले. तिचे स्वतःचे चढत-उतरत, रडतखडत खाली आले होते. सोनमचे अठ्ठ्याहत्तरपासून दर आठवड्याला बरोबर दोन उतरले होते. पट्टी लावली, तर एकही ठिपका रेषेबाहेर नव्हता. कॉलेजात कुणाची रीडिंग्ज अशी आली, की सर एवढंच विचारायचे, प्रयोग केलास कधी?

फोन वाजला.

“अडुसष्ट,” सोनम म्हणाली. “सासूबाई म्हनत्यात, सून न्हाई, घोडी आणलीया.”

मागून कुणीतरी तिला पाणी भरायला बोलावत होतं.

“सोनम, तू पळतेस कुठं गं?”



“तू पळतीयास न्हवं?” सोनमनं विचारलं.

“आत्ताच सहा झाल्या.”

“मग झालं की.” आवाज खाली आणून ती म्हणाली, “म्होरच्या रविवारी किती यायला पायजेत?”

अनुपमाची पेन्सिल रेषेच्या टोकाशी, सहासष्टवर थांबली होती. तिनं ती उचलली.

“सत्तर,” ती म्हणाली. “मधे एखाद्या आठवड्याला वाढतात थोडे.”

“बरं. आन् त्याच्या म्होरच्या?”

अनुपमानं तिला भरतीपर्यंतचे सगळे आकडे सावकाश सांगितले, ते एका रेषेत येणार नाहीत अशा बेतानं.