भोंगा

आमच्या घराण्याची फुशारकी एकच. आजोबा त्या काळातल्या सगळ्यात वेगवान आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायचे, आणि शर्यतीच्या फेरीत त्यांनी बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधून टाकला. जादा वाफ बाहेर पडेना, बोट सुसाट सुटली, विक्रम झाला. बाप ही गोष्ट छाती ठोकून सांगायचा आणि मध्ये कोणी प्रश्न विचारला तर थोबाड फोडायचा.

पुढचं आजोबांनी फक्त मला सांगितलं, पाठीला तेल लावून घेताना. पाठ कसली, वितळून गोठलेलं मेण. तो बॉयलर फुटला. तिघं जिवंत शिजले. त्यांना ताडपत्रीत गुंडाळून समुद्रात लोटलं आणि उरलेल्या बॉयलरांवर बोट पळवली. सांगून म्हातारा भिंतीकडे तोंड करून रडला.

दादाला हे कितीदा ऐकवलं. "म्हातारपणीची बडबड ती," म्हणायचा.

ती बोट भंगारात निघाली तेव्हा दादाने तिचा पितळी भोंगा उचलून आणला. आम्ही दोघं बहीण-भाऊ बॉयलर दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो. तिथल्या अंगणात, एका लॉन्ड्रीने टाकून दिलेल्या बॉयलरवर त्याने तो बसवला आणि आगबोटवेड्यांचं अख्खं मंडळ बोलावलं. कोणाचा बाप खलाशी, कोणाची आजी बोटीवर चादरी धुणारी. छातीवर बिल्ले, डोक्यावर टोप्या. दादाची पोरगी बारकी बॉयलरला खेटून स्टुलावर उभी, हातात भोंग्याची दोरी. पणजोबांचा भोंगा तीच वाजवणार म्हणे.

तिने दोरी ओढली. भोंगा रेड्यासारखा घोगरा रेकला.

"सर्दी झालीय का हो त्याला?" मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. हशा पिकला.

दादाचे कान लाल झाले. त्याने भट्टी भडकवली. व्हॉल्व्ह फुसफुसून वाफ सोडायला लागला, तसा त्याने खिशातून तारेचं भेंडोळं काढलं. आधीपासूनच आणलं होतं नालायकाने.

"दादा, तार ठेव खाली."

"आजोबांनी बांधलीच होती ना?"

"आणि माणसं शिजली! बारकीला उतरव आधी."

त्याने ठोसा मारला. माझा दात माझ्याच जिभेवर पडला. "पाहुण्यांसमोर अभद्र बोलतेस, भवाने?"

तार आवळली. वाफेच्या दाबाचा काटा लाल पट्टीच्या पार गेला. बारकीने दोरी ओढली, आणि या वेळी भोंगा बोलला. पायाखालची फरशी थरथरली, वर्कशॉपच्या काचा तडकल्या. म्हातारे टोप्या काढून सलाम ठोकत ढसाढसा रडायला लागले. काटा आला माझ्याही अंगावर, खोटं कशाला बोलू.

मग बॉयलरचा खालचा जोड फाटला. उकळत्या पाण्याची पिचकारी बारकीच्या पायावर बसली. ती किंचाळत कोसळली, दोरी उलटलेल्या स्टुलात अडकली आणि भोंगा वाजतच राहिला. वहिनीने धावत जाऊन तिला फरफटत बाहेर ओढलं. म्हाताऱ्यांचे सलाम चालूच.

मी पक्कड उचलली. दादा व्हॉल्व्हवर हातमोज्यातली मूठ आवळून उभा.

"हात काढ."

"मेलो तरी नाही काढणार."

माझ्या दुसऱ्या हातात मोठा पाना होता. तो मी त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. त्याने दुसऱ्या हाताने माझे केस धरले आणि डोकं लोखंडावर आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं. चाचपडत दुसरा घाव गुडघ्यावर घातला, तेव्हा पडला. मी तार तोडली. व्हॉल्व्ह उसळला आणि वाफेने माझ्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलून काढली. भोंगा बंद. बिल्लेवाले फाटकाशी एकमेकांना तुडवत होते.

दवाखान्यात आम्हाला शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. पलीकडच्या खोलीत बारकीचा पाय धूत होते, तिचं ओरडणं भिंतीतून येत होतं. दादाने प्लॅस्टरमधला हात सावरत माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं, पोरीचं विचारेल.

"आवाज कसा होता गं?"

"मोठा होता," मी म्हटलं. "पोरगी किंचाळली, तुला ऐकूच आली नाही."

त्याने पहिले दोनच शब्द घेतले. डोळे मिटून हसला.