चल, येते

कुणाच्या तरी दारावरची बेल तुम्ही शेवटची कधी वाजवलीत? आठवतंय का? घाई नाही, सावकाश आठवा. तोवर मी माझं सांगते.

मी दारावरची बेल बोलतेय. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, गणिताच्या बाईंचं घर आहे, त्या घराची. माझं बटण बाहेर चौकटीवर आणि पेटी आत, दाराच्या वर. त्यामुळे मला दोन्हीकडचं कळतं. बाहेर कोण केस सारखे करतंय, आत कोण पसारा सोफ्याखाली ढकलतंय, सगळं. पण मी कधी चहाडी केली नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटात तारेचं एक वेटोळं, एक छोटा दांडा आणि पितळेच्या दोन पट्ट्या आहेत. बटण दाबलं की दांडा एका पट्टीवर आपटतो, टिंग. बोट उचललं की तो दुसऱ्या पट्टीवर येतो, टाँग. म्हणजे माझं निम्मं बोलणं माणूस आल्याचं आणि निम्मं त्यानं बोट उचलल्याचं. आजकालच्या बेलांसारखं मला गाणं येत नाही, चिवचिवाट करता येत नाही. पण जे येतं ते मी खणखणीत करते.

बाईंच्या नवऱ्यानं मला आणलं. ते चष्म्याच्या दुकानात काम करायचे. खिशात किल्ली असूनही रोज संध्याकाळी मलाच वाजवायचे. बाई कणकेचे हात घेऊन दार उघडत आणि करवादत, "अहो, किल्ली काय शोभेला ठेवलीय?" ते म्हणायचे, "स्वतःच दार उघडून आत यायला मी काय भाडेकरू आहे?" हे भांडण रोजचं. दोघांनाही ते आवडायचं, हे मला सोडून कुणाला कळत नसेल.

ते गेले, त्यानंतरही मी काही रिकामी बसले नाही. बाईंच्या शिकवण्या होत्या. दुपारपासून पोरांची रांग. एक जण बोट चिकटवून ठेवी, दुसरा ढकलून आपलं बोट लावी. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत पाढे. बोटावरून मी माणूस ओळखायची. गृहपाठ न केलेल्याचं बोट कसं असतं सांगू? इतकं हलकं की टिंग वाजतं पण ऐकू येऊ नये अशी त्याची इच्छा असते.

आणि सगळ्यांत वेगळं बोट धाकटीचं. धाकटी म्हणजे बाईंची बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळ्याकडे राहते. ती बटण दाबायची आणि सोडायचीच नाही. टिंग वाजून मी तशीच अडकलेली. बाई आतून ओरडायच्या, "आले गं, सोड ते!" पण दार उघडून ताईचा चेहरा दिसेपर्यंत धाकटी बोट उचलायची नाही. मग माझा टाँग दोघींच्या हसण्यात वाजायचा. लहानपणापासूनचा तिचा खेळ. वय वाढलं, केस पांढरे झाले, तो काही सुटला नाही.

मग काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे. काही दिवस सगळं जग घरात बसलं, आणि शिकवणी बाईंच्या टेबलावरच्या पडद्यात गेली. पुढं जग बाहेर पडलं, पण शिकवणी पडद्यातच राहिली. सोयीचं पडतं म्हणे. चौकोनाचौकोनात पोरं असतात. बऱ्याच चौकोनांत तर नुसती नावं. बाई विचारतात, "कळलं का?" आणि पडद्यावर पटापट अंगठे उगवतात. तास संपला की एक बारीकसा आवाज होतो आणि घर असं गप्प होतं, जसं कुणी भांड्यावर झाकण ठेवावं. बाई थोडा वेळ त्या काळ्या पडद्यापुढं तशाच बसून राहतात. चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात.

दिवसभर बाई बोलतात, म्हणून त्या एकट्या आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. बाईंच्यासुद्धा आलं नव्हतं.

बाकीच्यांनीही मला सोडलं. पाहुणे खालूनच फोन करतात, "आलोय, दार उघडा." सामान आणणारा पायपुसण्यावर खोकं ठेवतो, त्याचा फोटो काढतो आणि पळतो. माझ्यापासून वीतभर अंतरावर उभा राहून तो फोनमधून कळवतो की मी तुमच्या दारात आलो होतो! मी काय म्हणावं? माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्यानं पेटीच्या कोपऱ्यात संसार थाटला. त्याच्याकडे मात्र रोज कुणी ना कुणी यायचं.

धाकटीचंही येणं कमी झालं. नातं तुटलं नव्हतं हं, उलट रोजचं बोलणं वाढलं होतं. सकाळी चहाचा फोटो, दुपारी मांजराचा फोटो, संध्याकाळी मावळतीचा फोटो. शिक्षिकेची सवय म्हणून बाई आलेला प्रत्येक निरोप मोठ्यानं वाचतात, त्यामुळे मला सगळं माहीत असायचं. इतकं बोलणं झाल्यावर भेटायचं कशाला, असं दोघींना वाटत असावं. पोट भरल्यासारखं.

एका शुक्रवारी बाईंनी लिहिलं, "रविवारी मोकळी आहेस का?" लिहितानाही त्या मोठ्यानं बोलतात. लगेच उत्तर आलं. बाईंनी वाचलं, "मोकळीच आहे गं. चल, येते."

बाईंचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. "येते म्हणाली," त्या भिंतीला म्हणाल्या.

रविवारी बाईंनी घर झाडलं, पुसलं, उशांचे अभ्रे बदलले. ओव्हनमध्ये केक ठेवला. ठेवणीतले कपडे घातले. फडक्यानं माझं बटणसुद्धा पुसलं. मी तर तारेपर्यंत शहारले. मग त्या दार उघडं टाकून खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं उठल्या आणि दार लावून घेतलं, कारण दार उघडं असलं तर धाकटी बेल कशी वाजवणार?

दुपार झाली. चहाचं आधण दोनदा ठेवलं, दोनदा उतरवलं. संध्याकाळ झाली. फोन वाजला तेव्हा बाई धावल्या. मांजराचा फोटो होता. खाली काही नाही.

"का आली नाहीस?" एवढं विचारायचं होतं. पण बाई मोठ्या ना! मोठ्या बहिणीनं कसं विचारायचं? त्यांनी नुसता एक अंगठा पाठवला. केक कापलाच नाही.

त्या दिवसापासून धाकटीनं काहीही पाठवलं की बाईंचं उत्तर एकच, अंगठा. मांजराला अंगठा, मावळतीला अंगठा. हळूहळू फोटो कमी झाले. मग धाकटीकडूनही अंगठेच यायला लागले. दोघी बहिणी, एकाच गावात, एकमेकींना अंगठे दाखवत बसल्या. हे अंगठेही बंद पडायला आता थोडेच दिवस उरले होते, आणि ते बंद पडले की बाईंना 'ताई' म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

मग परवाचा दिवस. पंख्याचं बटण बिघडलं म्हणून बाईंनी वायरमनला बोलावलं. त्याचं काम संपल्यावर बाई म्हणाल्या, "जाता जाता ती बेलही काढून टाका. भिंतीवर उगाच डाग."

मी ऐकलं. घाबरले म्हणाल तर नाही. माझ्या पट्ट्या अजून शाबूत आहेत, घाबरायचं तर घाबरणाऱ्यांनी. पण वाईट वाटलं.

वायरमन स्टुलावर चढला, झाकण काढलं, कोळ्याला हाकललं. "बाई, बेल तर ठणठणीत दिसतेय."

"वाजत नाही ती."

"वाजत नाही, की कुणी वाजवत नाही?" असं म्हणत तो खाली उतरला, बाहेर गेला आणि बटण दाबलं.

इतक्या दिवसांनी! मी सगळा जीव ओतला. टिंग! टाँग!

समोरचं दार धाडकन उघडलं. समोरच्या वहिनी सिटी बस चालवतात. इंजिनाच्या वरताण बोलायची सवय असल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही तळमजल्यापर्यंत जातं. गणवेश घालून, एका पायात बूट घालून त्या बाहेर आल्या.

"बाई, तुमची बेल वाजली ना? म्हटलं, आलं बाई कुणीतरी!"

"कुणी नाही हो. वायरमन आहेत."

"अस्सं." वहिनींनी दुसरा बूट जिन्याच्या पायरीवर बसून चढवला. "मागं एका रविवारी तुम्ही छान आवरून बसला होतात. केकचा वास तर माझ्या स्वयंपाकघरात. कोण येणार होतं?"

"कुणी नाही."

"मग मला तरी हाक मारायची! मी काय केक खात नाही?"

बाईंना हसू आलं. "तुम्ही ड्युटीवर असाल असं वाटलं."

"वाटलं म्हणे! वाजवून बघायचं की." वहिनींनी घड्याळ पाहिलं. "अरे देवा, बस चुकेल माझी. चुकेल कसली म्हणा, मला सोडून जातेय कुठं! चला बाई, येते हं."

"हो, या," बाई सवयीनं म्हणाल्या.

आणि वहिनी धाडधाड जिना उतरून गेल्या.

बाई दारातच उभ्या राहिल्या. वहिनींचे बूट खालच्या मजल्यावर वाजत होते, आणि बाई पुटपुटल्या, "येते... म्हणाली येते, आणि गेली."

मग एकदम कपाळावर हात मारला. "अगं बाई!"

त्या आत धावल्या. निरोप लिहिला नाही, सरळ फोन लावला. त्या फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, वर्गाची सवय. म्हणून मलाही ऐकू आलं.

"ताई?" धाकटीचा आवाज घाबरलेला. हल्ली फोन वाजला की माणसं घाबरतात. "काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. एक सांग, त्या रविवारी तू येणार होतीस का?"

"कुठं?"

"माझ्याकडे! मी विचारलं मोकळी आहेस का, तर तू लिहिलंस, 'मोकळीच आहे गं. चल, येते.'"

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

"ताई, ते जातानाचं येते होतं गं! गॅसवर दूध होतं, उतू चाललेलं. म्हणून 'चल, येते' म्हटलं आणि पळाले. परत येऊन बघते तर तू पुढं काहीच लिहिलं नव्हतंस. मला वाटलं तू बोलावशील. रविवारभर फोन घेऊन बसले होते. शेवटी मांजराचा फोटो पाठवला, तर तू अंगठा दाखवलास!"

"अगं, अंगठा म्हणजे छान."

"तो तुझ्या वर्गात! आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते तूच शिकवलंयस मला. सगळी चॉकलेटं स्वतः खायचीस आणि मला अंगठा दाखवायचीस!"

बाई हसायला लागल्या. हसता हसता नाक ओढायला लागल्या. पलीकडूनही तसंच काहीसं ऐकू आलं.

"मी केक केला होता," बाई म्हणाल्या. "ठेवणीतले कपडे घातले होते. दार लावून बसले, तू बेल वाजवावीस म्हणून."

"ताई, मी उद्याच येते."

"कुठलं येते?"

"यायचं येते!"

बाईंनी डोळे पुसले. "नको. दरवेळी तूच येतेस. मोठी म्हणून मी आपली खुर्चीत. उद्या मी येते."

"कुठलं येते?" धाकटीनं लगेच विचारलं. दोघी पुन्हा हसल्या.

इकडे माझं झाकण हातात घेऊन वायरमन कधीचा ताटकळत उभा. "काढू का बाई?"

"काय?"

"बेल."

"काढताय कशाला? पुसून नीट लावा तिला."

संध्याकाळी बाईंनी स्वतः जाऊन समोरची बेल वाजवली. वहिनींची बेल म्हणजे घसा बसलेली, नुसती खरखरते. पण मला त्या दिवशी तिचा हेवा वाटला नाही.

"वहिनी, तुमची बस तळ्याकडे जाते का हो?"

"तळ्याकडेच तर जाते! उद्या सकाळची पाळी आहे, चला की. माझ्या मागच्या सीटवर बसा. फक्त वाटेत पाढे विचारू नका."

बाईंनी मुलांना कळवलं, उद्या सकाळचा तास नाही, बाई बाहेर जाणार आहेत. आजवर कुठल्याही गणिताला मिळाले नव्हते इतके अंगठे आले.

माझं एवढंच. इतकी वर्षं मला वाटायचं, घर एकटं पडू नये म्हणून माझं बटण कुणीतरी येऊन दाबायला हवं. पण मी आता शहाणी झालेय. ज्या घरात मी आहे त्या घरातल्या माणसानंही कधीतरी उठून दुसऱ्याचं बटण दाबायला हवं. तुमच्याही ओळखीत असं एखादं दार असेल, जिथं तुम्ही 'येते', 'येतो' लिहून ठेवलंय. तिथल्या माणसानं ते कसं वाचलं असेल, जरा विचार करा. फोन खिशातच राहू द्या आणि बोट बटणावर ठेवा. दार उघडेपर्यंत उचलू नका. बेलला त्रास होत नाही, मी खात्रीनं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दाराला कुलूप लावलं, माझं बटण एकदा दाबून पाहिलं, मला "येते हं" म्हणाल्या आणि वहिनींच्या बसनं धाकटीकडे गेल्या.