अठ्ठेचाळीस मिनिटांची लुकलुक

“आज मानवजात पहिल्यांदाच दोन कृष्णविवरांना एकमेकांभोवती घिरट्या घालताना बघते आहे,” असं भाऊजींनी उभं राहून जाहीर केलं. मानवजातीपैकी त्या खोलीत दोघंच होते, आणि त्यातली दुसरी केळं खात होती.

ही दुसरी म्हणजे भाऊजींची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. संस्थेत भाऊजींचं काम आकाशात काय आहे ते सांगायचं. मेहुणीचं काम, ते खरंच आहे की उपकरणाचे चाळे आहेत, हे तपासायचं. नात्यातल्या माणसांना अशा टेबलांवर समोरासमोर बसवू नये, असा नियम करायचं संस्थेत कुणाला सुचलं नव्हतं.

“बसा हो भाऊजी. पाय दुखतील.”

“अगं, दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेले क्ष-किरण आहेत हे!”

“मग आणखी पाच मिनिटं थांबतील.”

क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. हवा त्यांना वरच्या वर अडवते. अडवत नसती तर ही गोष्ट वाचायला कुणी शिल्लकच राहिलं नसतं, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे दुर्बीण उपग्रहावर बसवून वर धाडावी लागते. उपग्रह एक, आणि रांगेत जगभरचे शास्त्रज्ञ. भाऊजींनी सहा वर्षं अर्ज केले तेव्हा कुठे दहा तास पदरात पडले. ते आज दुपारी चारला संपणार होते. मग दुर्बीण पुढच्या नंबरकडे वळणार, आणि चार महिन्यांनी भाऊजी निवृत्त होऊन घरी. मुदतवाढीचा एकच मार्ग होता. काहीतरी विलक्षण सापडल्याचं निवेदन जगभरच्या वेधशाळांना पाठवायचं; पाठवलं की आणखी तीस तास मिळत.

घड्याळात सव्वातीन झाले होते.

आतापर्यंत कृष्णविवरांच्या त्या दूरच्या दीर्घिकेतून प्रकाशाचे मोजून तीनशे बारा कण दुर्बिणीत पडले होते. भाऊजी त्यांतल्या एकेकाला चेहऱ्याने ओळखत होते म्हटलं तरी चालेल. आणि हे कण सारखे येत नव्हते. दर अठ्ठेचाळीस मिनिटांनी गर्दी, मग सामसूम, मग परत गर्दी. भाऊजींच्या मते हीच कृष्णविवरांची एकमेकांभोवतीची फेरी.

मेहुणीने केळ्याचं साल टोपलीत टाकलं. “अठ्ठेचाळीस?”

“अठ्ठेचाळीस.”

“आणि आपला उपग्रह पृथ्वीभोवती फेरी मारतो किती मिनिटांत?”

भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं. “शहाण्णव. पण हे त्याच्या निम्मं आहे. निम्मं म्हणजे तेच नव्हे.”

“तुम्ही दिवसातून दोनदा जेवता. म्हणून जेवणाचा दिवसाशी संबंध नाही?”

“तू पहिल्यापासून अशीच. मला पहिल्यांदा बघितलंस तेव्हासुद्धा ताईला म्हणालीस, नीट तपासून घे.”

“तिने ऐकलं नाही. तेव्हापासून मी ऐकणाऱ्यांकडे नोकरी करते.”

भाऊजी ऐकत होते, कारण त्यांना बारा वर्षांपूर्वीचं आठवत होतं. तेव्हा त्यांनी असाच एक नवा तारा जाहीर केला होता. अकरा वेधशाळांनी आपापल्या दुर्बिणी तिकडे वळवल्या, आणि तो तारा म्हणजे उपकरणातला एक बिघडलेला ठिपका निघाला. तेव्हापासून संस्थेत त्यांना ‘पिक्सेल’ म्हणत. आधी पाठीमागे, अलीकडे तोंडावरही. आणखी एकदा चुकले असते तर राजेलोकांसारखं ‘पिक्सेल दुसरे’ झालं असतं.

“हे बघा,” मेहुणी म्हणाली, “उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की गारठतो, बाहेर आला की तापतो. दोन्ही वेळा दुर्बिणीची नळी केसभर हलते आणि कण निसटतात. एका फेरीत दोन हिसके. खात्री करायची असेल तर शेजारीण बघू.”

शेजारीण म्हणजे त्याच चित्रात दिसणारा आपल्याच आकाशगंगेतला एक तारा. वर्षानुवर्षं काहीही न करण्याबद्दल तो प्रसिद्ध होता.

“तिच्याकडे बघून काय होणार?”

“घरातले दिवे गेले की आपण आधी शेजारच्या खिडक्या बघतो ना? तसंच. तीही लुकलुकत असेल तर लुकलुक आपल्या डोळ्यात आहे.”

हिशोबाला वीस मिनिटं लागणार होती. निवेदन पडद्यावर तयार होतं, फक्त बटण दाबायचं बाकी. भाऊजी दारापर्यंत गेले, परत आले.

“मी पाठवून टाकतो. चूक निघाली तर दुरुस्ती पाठवू.”

“मागच्या वेळी पाठवली होतीत ना दुरुस्ती. कुणी वाचली?”

भाऊजी परत दारापर्यंत गेले.

तीन चाळीसला आलेख आला. शेजारीण लुकलुकत होती. दर अठ्ठेचाळीस मिनिटांनी. वरच्या कोपऱ्यातले आणखी दोन तारेही, कवायतीला उभे केल्यासारखे, तिच्याच तालावर.

भाऊजी बसले. मेहुणीने त्यांच्या कणांमधून नळीचे हिसके वजा करून पाहिले.

“पण भाऊजी, कण आहेत. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी याच जागेकडे दहा तास बघितलं होतं, तेव्हा शंभर मिळाले होते. आता तिप्पट.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिथे काहीतरी पेटलंय. घिरट्या घालत नाहीये. नुसतं आहे.”

भाऊजींनी निवेदन उघडलं. आधी ‘मानवजात’ काढली, मग ‘विलक्षण’. तीन ओळी राहिल्या: या जागी पाच वर्षांपूर्वीपेक्षा तिप्पट क्ष-किरण दिसतात. कारण आम्हाला माहीत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांची लुकलुक आढळली, ती आमच्या दुर्बिणीची आहे.

“ही शेवटची ओळ हवीच का गं?”

“नका लिहू. उद्या याच दुर्बिणीत दुसऱ्या कुणाला तरी घिरट्या दिसतील, एवढंच.”

ओळ राहिली. तीन छप्पन्नला भाऊजींनी बटण दाबलं.

तीन एकोणसाठला फोन वाजला. नियंत्रण कक्षातून कामावरचा माणूस बोलत होता.

“सर, निवेदन वाचलं. चांगलं आहे. प्रामाणिक.”

“मग तीस तास?”

“त्यात ‘विलक्षण’ नाहीये, सर.”

“नाहीये.”

“मी दोनदा शोधलं.” तो जरा घुटमळला. “एक छोटंसं काम होतं, सर. तुमच्या पडद्यावर खाली उजवीकडे ‘माझं बघून झालं’ असं लिहिलेलं असेल. त्याच्यापुढे तेवढी खूण करता का? त्याशिवाय दुर्बीण हलत नाही, आणि पुढच्या बाई ताटकळल्यात.”